नेतृत्व आणि व्यवस्थापन: बडोद्याच्या सयाजीरावांकडे पाहून दिलेले एक उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ महिन्यांपूर्वी आपण मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पॅकिंग आणि डिस्पॅच विभागाचे प्रमुख झालात. हाताखाली ४२ माणसे आहेत, गाड्या वेळेवर सुटू लागल्या आहेत, ओव्हरटाइम आटोक्यात आला आहे. तरीही वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी वरिष्ठांनी आपल्याला सांगितले की तुम्ही मॅनेजर चांगले आहात, पण लीडर नाही. या दोन गोष्टींत नेमका फरक काय, आणि जे कमी आहे ते शिकता येते की जन्मतःच अंगी असावे लागते, असे आपण विचारले आहे.

मी बडोद्यातील इंजिनिअरिंग कारखान्यांत ३४ वर्षे काढली, त्यांतील शेवटची ११ प्लांटप्रमुख म्हणून, आणि निवृत्तीनंतर आता सुपरवायझरांचे वर्ग घेतो. त्या अनुभवावरून मला वाटते की आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य आपण अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे: "मी दोन दिवस रजेवर गेलो तरी काम अडते." खरी अडचण येथे आहे. काम अडते याची कारणे दोन असू शकतात. एक तर रोजचे निर्णय कोणी घ्यायचे हे ठरलेले नसल्यामुळे सगळे आपल्यासाठी थांबत असतील. किंवा विभाग कोणत्या दिशेने न्यायचा आहे हे आपल्याखेरीज कोणाला माहीत नसेल, त्यामुळे नियमात न बसणारी गोष्ट समोर आली की माणसे गोंधळत असतील. पहिली उणीव व्यवस्थापनाची आहे आणि दुसरी नेतृत्वाची. आपल्या वरिष्ठांनी दोन्ही एकाच शब्दात गुंडाळल्या आणि वर आपल्या व्यवस्थापनाला पूर्ण गुण दिले. त्या गुणांशीही मी पूर्णपणे सहमत नाही.

प्रशिक्षणाच्या वर्गांत एक चित्र हमखास दाखवतात. एका बाजूला दोर खांद्यावर घेऊन सर्वांच्या पुढे चालणारा लीडर, आणि दुसऱ्या बाजूला गाड्यावर बसून बोट दाखवणारा साहेब. या चित्राने बरेच नुकसान केले आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यातून असा समज होतो की नेते आणि व्यवस्थापक या माणसांच्या दोन जाती आहेत, एक थोर आणि एक सामान्य. मी जी माणसे जवळून पाहिली त्यांच्यात ही दोन कामे होती, आणि एकच माणूस सकाळी एक व दुपारी दुसरे करीत असे. काय व्हायला हवे हे ठरवणे, ते का हवे हे लोकांच्या गळी उतरवणे आणि त्यासाठी लागेल ती किंमत स्वतः मोजणे हे नेतृत्वाचे काम. ठरलेली गोष्ट दररोज, आपण समोर नसतानाही, ठरल्याप्रमाणे घडेल अशी सोय लावून देणे हे व्यवस्थापनाचे काम. दोन्ही शिकता येतात. मात्र ती एकमेकांना कोठे जोडली जातात आणि कोठे तुटतात हे व्याख्येवरून समजत नाही, म्हणून मी महाराजा सयाजीराव गायकवाड यांचे उदाहरण घेतो. १८९० साली त्यांनी सुरू केलेल्या कलाभवनातच मी इंजिनिअरिंग शिकलो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ इतिहासाचा नाही.

सुरुवात सयाजीरावांपासून न करता सर टी. माधवराव यांच्यापासून करावी लागेल. १८७५ साली मल्हारराव गायकवाडांना इंग्रजांनी गादीवरून दूर केले, तेव्हा संस्थानाचा कारभार पार विस्कटलेला होता. खंडेरावांच्या विधवा महाराणी जमनाबाई यांनी नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावच्या गोपाळराव नावाच्या बारा वर्षांच्या मुलाला दत्तक घेतले. तेच सयाजीराव. ते वयात येईपर्यंत कारभार दिवाण माधवरावांकडे होता. माधवराव त्याआधी त्रावणकोरचे आणि नंतर इंदूरला होळकरांचे दिवाण होते. वसुली, पगार, न्यायालये, पोलीस अशा एकेका खात्याची घडी त्यांनी बसवली. ते अल्पवयीन राजाच्या वतीने राज्य सांभाळत होते, त्यामुळे राज्याला अगदी नवी दिशा देणे हे त्यांचे कामच नव्हते, आणि ही मर्यादा त्यांनी ओळखली होती. हे व्यवस्थापन होते, अतिशय उंचीचे व्यवस्थापन. पुढे सयाजीरावांनी शाळांवर, पाण्यावर, ग्रंथालयांवर जो पैसा खर्च केला तो माधवरावांनी लावलेल्या घडीशिवाय उभा राहिला नसता.

आपण गेल्या आठ महिन्यांत जे केले ते या स्वरूपाचे काम आहे. गाड्या वेळेवर सुटत नसताना भविष्याच्या गोष्टी सांगणाऱ्या प्रमुखावर कामगार विश्वास ठेवत नाहीत. तेव्हा आपला क्रम चुकला असे मानून खंत करू नये.

मात्र माधवरावांनी आणखी एक गोष्ट केली, आणि ती आपल्या रजेच्या प्रश्नाशी थेट संबंधित आहे. १८८१ साली, सयाजीरावांच्या हाती अधिकार येण्यापूर्वी, त्यांनी या अठरा वर्षांच्या राजाला राज्यकारभारावर रीतसर व्याख्याने दिली. राजाने काय स्वतः पाहावे, काय दिवाणावर सोपवावे, हुकूम कसा द्यावा, खर्चाला मर्यादा कशी असावी, असे विषय त्यांत होते. २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना पूर्ण अधिकार मिळाले आणि १८८२ मध्ये माधवराव बडोद्यातून निघून गेले. सहा-सात वर्षे ज्याच्यावाचून पान हलत नव्हते, त्या माणसाने स्वतःवाचून काम चालावे याची तयारी स्वतःच करून दिली होती. व्यवस्थापनाची मी हीच कसोटी मानतो, आणि आपण दोन दिवस गेलात की काम अडते हे वाचून मला प्रथम या व्याख्यानांची आठवण झाली.

आता नेतृत्वाकडे येतो. सयाजीरावांच्या निर्णयांपैकी सर्वांत मोठा कोणता, असे मला विचारले तर मी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा निर्णय सांगेन. ब्रिटिश मुलखातही तेव्हा शिक्षण सक्तीचे नव्हते. शेतकऱ्याच्या घरात आठ-दहा वर्षांचे मूल म्हणजे गुरे राखणारा आणि धाकट्याला सांभाळणारा हात. त्याला कायद्याने शाळेत बसवायचे म्हणजे प्रत्येक घराची नाराजी ओढवून घ्यायची. हे व्हायलाच हवे असे ठरवणे, आणि ते लोकप्रिय नसताना ठरवणे, येथे नेतृत्व दिसते.

पण हा निर्णय त्यांनी कसा अमलात आणला ते पाहावे. १८९३ साली त्यांनी तो लागू केला फक्त अमरेली शहर आणि आजूबाजूच्या नऊ खेड्यांपुरता. बडोदे संस्थान एकसंध नव्हते. बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली असे चार प्रांत, मध्ये मध्ये दुसऱ्यांचा मुलूख, आणि अमरेली तर पार काठेवाडात. राजधानीपासून दूर, दहा ठिकाणी, नमुन्यादाखल काम सुरू झाले. सक्ती म्हटली की कागदावरच्या एका शब्दामागे किती गोष्टी लागतात याचा विचार करावा. गावात त्या वयाची मुले किती याची नावनिशीवार यादी लागते, गैरहजेरी कोण नोंदवणार हे ठरवावे लागते, दंड किती आणि तो वसूल कोण करणार हे ठरवावे लागते, शिक्षक लागतात, बसायला जागा लागते, आणि कापणीच्या दिवसांत काय करायचे याचे उत्तर लागते. यांतील एकही गोष्ट राजवाड्यात बसून समजत नाही. ती दहा गावांत समजते, आणि तेथे चूक झाली तर सगळे संस्थान त्या चुकीखाली येत नाही.

आठ वर्षांनी, १९०१ मध्ये, हा प्रयोग सबंध अमरेली तालुक्यात नेला गेला आणि १९०६ मध्ये सबंध संस्थानात. पहिल्या गावापासून शेवटच्या गावापर्यंत तेरा वर्षे गेली. या तेरा वर्षांच्या मधोमध छप्पन्नाचा, म्हणजे विक्रम संवत १९५६ चा (१८९९-१९००), दुष्काळ येऊन गेला, ज्याला गुजरातेत आजही छप्पनियो म्हणतात. संस्थानाची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत २४,१५,३९६ होती, ती १९०१ मध्ये १९,५२,६९२ वर आली. ज्या राज्याने दहा वर्षांत असे सुमारे साडेचार लाख लोक गमावले, त्याने शाळेचा प्रयोग बाजूला ठेवला असता तर कोणीही बोल लावला नसता. सयाजीरावांनी त्याच १९०१ मध्ये तो वाढवला. वर्ष वाईट गेले म्हणून हेतू सोडायचा नाही, आणि हेतू मोठा आहे म्हणून घाई करायची नाही, या दोन गोष्टी एकाच माणसाने एकाच वेळी धरून ठेवल्या, आणि मला सयाजीरावांबद्दल सर्वांत जास्त आदर याचसाठी वाटतो. पुढे १९१० साली गोपाळ कृष्ण गोखले यांनी कलकत्त्याच्या कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाची मागणी केली, तेव्हा त्यांनी बडोद्याकडेच बोट दाखवले. गोखल्यांचे विधेयक १९१२ मध्ये फेटाळले गेले. बडोद्यात मात्र तोवर सर्व प्रांतांत कायदा लागू होऊन सहा वर्षे झाली होती.

ग्रंथालयांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्याला उचलता येईल असे तंत्र आहे. १९१० मध्ये सयाजीरावांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावले. ते १९१३ पर्यंत येथे होते आणि या काळात त्यांनी येथील माणसांसाठी वर्ग चालवून कारभार चालवू शकेल अशी फळी तयार केली. ते गेल्यावर काम थांबले नाही, उलट वाढले. पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरू लागल्या. गावाच्या ग्रंथालयासाठी नियम असा होता की गावाने वर्षाला १०० रुपये उभे करावेत, म्हणजे तितकेच प्रांत पंचायत देईल आणि तितकेच सरकार देईल. या नियमात मला फार शहाणपण दिसते. सरकारने तिन्ही वाटे दिले असते तर ग्रंथालय सरकारचे झाले असते. पहिला वाटा गावाने घातला म्हणून कपाटाची किल्ली कोणाकडे आहे याची चौकशी गाव स्वतः करू लागले.

येथवर जे सांगितले त्याचा मेळ असा: माधवरावांनी घडी बसवली आणि स्वतःची गरज संपवली; सयाजीरावांनी दिशा ठरवली, ती वाईट वर्षातही सोडली नाही, आणि तिला दहा गावांपासून सुरू होणारी, वाट्यांच्या नियमांची, प्रशिक्षित माणसांची यंत्रणा जोडून दिली. आता जेथे हा जोड तुटला ते सांगायला हवे, कारण माझ्या मते आपल्याला सर्वांत जास्त तेथून शिकता येईल.

१९१३ साली सयाजीरावांनी भीमराव आंबेडकर यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी शिष्यवृत्ती दिली. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी. अस्पृश्य मानल्या गेलेल्या घरातील तरुणाला परदेशी पाठवून आपल्या कारभारात वरच्या जागी आणायचे, हा त्या काळी किती धाडसाचा निर्णय होता हे सांगायला नको. सप्टेंबर १९१७ मध्ये आंबेडकर बडोद्याला आले. त्यांना स्टेशनवर उतरवून घ्यावे असा महाराजांचा हुकूम होता. प्रत्यक्षात कोणीही आले नाही. शहरात त्यांना राहायला जागा मिळेना. अखेर ते एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव सांगून, रोज दीड रुपया भाड्याने राहिले. सरकारी बंगला मिळावा म्हणून त्यांनी अर्ज केला होता. तो अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्या अधिकाऱ्याकडे फिरत राहिला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. अकराव्या दिवशी सकाळी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिन्यावर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा रिकामी करण्यास सांगून गेले. मित्रांकडे आसरा मिळाला नाही. रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहत ते कमाटी बागेत बसून राहिले. आज आपण ज्याला सयाजीबाग म्हणतो तीच ही बाग. गाऱ्हाणे महाराजांपर्यंत गेले. महाराजांनी ते दिवाणांकडे पाठवले. दिवाणांनी आपण काही करू शकत नसल्याचे कळवले.

कारभारातील ढिलाईचे उदाहरण एवढ्याच अर्थाने हे सांगणे अन्यायाचे होईल. ते अस्पृश्यतेचे क्रौर्य होते आणि ते करणाऱ्यांवरच त्याची जबाबदारी राहते. परंतु कारभार चालवलेला माणूस म्हणून मला यात जे दिसते ते मी लपवणार नाही. आंबेडकर येणार हे माहीत होते. शहरात त्यांना जागा मिळणार नाही हे कोणाही बडोदेकराला कळण्यासारखे होते. स्टेशनवर आणायला सांगितले गेले, पण कोण जाणार, कोणती गाडी, न गेल्यास जबाब कोणाला द्यायचा, पहिल्या रात्री ते कोठे झोपणार, हे कोणाच्याही नावावर लिहिलेले नव्हते. बंगल्याचा हुकूम ते येण्यापूर्वीच निघू शकला असता. आणि गोष्ट महाराजांच्या कानावर गेल्यावर त्यांनी ती ज्या यंत्रणेने अडवली होती तिच्याकडेच परत पाठवली, तेव्हा नेतृत्वही थांबले.

यातून मी जो धडा घेतला तो असा की अमलात आणणाऱ्या माणसांच्या मनाविरुद्ध जाणारा निर्णय जितका मोठा, तितकी त्यामागची व्यवस्था अधिक घट्ट हवी. लोकांना जे आवडते ते अर्धवट हुकुमावरही होऊन जाते. जे त्यांना नको आहे, ते हुकुमातील प्रत्येक फटीतून गळून पडते. सयाजीरावांनी अमरेलीत फटी बुजवायला आठ वर्षे दिली होती. १९१७ मध्ये तसे झाले नाही.

हा धडा मी वाचून घेतलेला नाही, तो मला एका कामगाराच्या हाताची किंमत देऊन मिळाला. मी प्लांटप्रमुख झालो त्या वर्षी २६ जानेवारीच्या झेंडावंदनानंतर मी सर्वांसमोर जाहीर केले की यापुढे गार्डशिवाय, म्हणजे हात आत जाऊ न देणाऱ्या संरक्षक आडोशाशिवाय, एकही प्रेस (पत्रा दाबून आकार देणारे यंत्र) चालणार नाही. टाळ्या झाल्या आणि मला समाधान वाटले. गार्ड उघडा असताना प्रेस चालू नये म्हणून एक लिमिट स्विच असतो. आमच्याकडे तेल आणि धातूच्या किसामुळे हे स्विच वरचेवर खराब होत. स्टोअरमध्ये ते शिल्लक नव्हते. मेंटेनन्सने मागणीपत्र लिहिले, ते स्टोअरकडे गेले, तेथून परचेसकडे, तीन कोटेशनांच्या नियमासाठी पुन्हा मागे, मग अकाउंट्सकडे. इकडे रात्रपाळीचे टार्गेट तेवढेच होते आणि पाळीचा इन्सेंटिव्ह नगांवर होता. रात्रपाळीच्या सुपरवायझरने स्विच तारेने बांधून दाबलेल्या स्थितीत ठेवला, म्हणजे गार्ड उघडा असला तरी प्रेस चालेल. तिसऱ्या आठवड्यात एका ऑपरेटरच्या उजव्या हाताची दोन बोटे गेली.

चौकशीच्या वेळी ते मागणीपत्र माझ्या टेबलावर आले. त्यावर चार सह्या होत्या आणि दुसऱ्या व तिसऱ्या सहीच्या मध्ये बारा दिवस होते. सुपरवायझरवर कारवाई करा असे सगळे म्हणत होते. पण नगांवरचा इन्सेंटिव्ह मंजूर करणारी सही माझी होती, आणि प्रेस थांबवणाऱ्याचे नुकसान होऊ नये अशी कोणतीही तरतूद मी केली नव्हती. भाषणात मी एक सांगितले होते आणि पगाराच्या पावतीवर त्याच्या उलट सांगत होतो. त्यानंतर आम्ही दोन गोष्टी केल्या. सहा स्विच कायम स्टोअरमध्ये असतील आणि सहाव्याला हात लागण्यापूर्वी खरेदी सुरू होईल असा नियम केला. आणि गार्डसाठी प्रेस थांबली तर तेवढे तास इन्सेंटिव्हच्या हिशेबातून वगळायचे ठरवले. दुसरा नियम मालकांकडून मंजूर करून घेताना मला तीन वेळा मुंबईला जावे लागले, आणि ते जाणे हा माझ्या त्या वर्षातील नेतृत्वाचा खरा भाग होता, झेंड्याखालचे भाषण नव्हे. तो ऑपरेटर पुढे टूल रूमच्या खिडकीवर बसू लागला. हत्यार देताना तो टोकन डाव्या हाताने खिळ्याला अडकवीत असे, आणि निवृत्त होईपर्यंत मी ते रोज पाहिले.

आता आपल्याविषयी. बऱ्याच गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला माहीत नाहीत. आपला कारखाना शेठच्या घरचा असेल आणि ट्रान्सपोर्टरसुद्धा शेठच ठरवीत असतील, तर आपल्या हातात दिशा ठरवण्याइतकी जागा किती आहे हे आधी पाहावे लागेल. ४२ पैकी किती माणसे कायम आहेत आणि किती ठेकेदाराची, यावरही पुष्कळ ठरते; दर तीन महिन्यांनी माणसे बदलत असतील तर प्रशिक्षणाचा मार्ग वेगळा असतो. आणि वरिष्ठांना लीडर या शब्दातून काय म्हणायचे आहे हे त्यांनाच विचारावे. अमुक प्रसंगी मी काय करायला हवे होते असे आपल्याला वाटते, असा एकच प्रसंग मागावा. पुष्कळदा उत्तर येते की मीटिंगमध्ये बोलत नाही. ती बोलण्याची सवय झाली, ती लावून घ्यावी, पण तिला नेतृत्व समजू नये.

ते बाजूला ठेवले तर माझी सूचना अशी आहे. विभागाविषयी एक वाक्य ठरवावे, जे स्ट्रॅपिंग मशीनवरचा माणूसही न अडखळता सांगू शकेल. उदाहरणार्थ, आपल्याकडून गेलेला एकही खोका ग्राहकाकडे फुटलेला पोचणार नाही. गाडी वेळेवर सुटणे हे तसे वाक्य नाही, कारण ते फुटलेले खोके भरूनही साधता येते, आणि घाईत तेच होते. मग हे वाक्य सबंध विभागाला लागू न करता आपली अमरेली शोधावी: एकच ग्राहक, किंवा एकच पाळी. तेथे सहा महिने पाहावे की खोके कोठे फुटतात, पॅलेटवर की चढवताना की वाटेत. या काळात एखाद्या दिवशी गाडी उशिरा सुटेल आणि वरिष्ठ विचारतील. त्या दिवशी "खोके पुन्हा बांधायला मी सांगितले होते" हे आपण स्वतः म्हणावे, सुपरवायझरला पुढे करू नये. विभागातील माणसे त्या दिवशी आपल्याकडे पाहत असतील.

त्याबरोबर पाळीच्या सुपरवायझरांनी आपल्याला न विचारता काय करायचे हे लिहून द्यावे. गाडी दोन तासांहून जास्त उशिरा येणार असेल तर ठरलेल्या यादीतील दुसरा ट्रान्सपोर्टर बोलवावा, भाड्यातील फरक अमुक रकमेपर्यंत मंजूर समजावा, त्यापुढे फोन करावा, अशा भाषेत ते असावे. ही रक्कम आपल्या वरिष्ठांकडून सहीनिशी घ्यावी, नाहीतर पहिल्याच बिलाला सुपरवायझर अडचणीत येईल आणि पुन्हा कधी निर्णय घेणार नाही. पॅकिंगच्या नव्या पद्धतीचे प्रस्ताव त्यांच्याकडून यावेत आणि पहिला वाटा त्यांचा असावा, मग तो पैशांचा नसून रविवारचे दोन तास एवढाच असला तरी चालेल. माधवरावांनी जे एका शिष्यासाठी केले ते आपल्याला दोघांसाठी करता येईल: आठवड्यातून एक तास दार लावून बसावे आणि मागील आठवड्यातला एक निर्णय आपण का घेतला ते त्यांना सांगावे. काय केले ते त्यांना माहीतच असते. का केले हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

हे सगळे तीन महिने चालल्यावर आपण सलग सात दिवसांची रजा घ्यावी, आणि फोन घरातल्या कोणाकडे तरी देऊन ठेवावा. परत आल्यावर टेबलावरच्या कागदांपैकी ज्यांवर "साहेब आल्यावर" असे लिहिलेले असेल ते वेगळे काढावेत आणि दोन ढीग करावेत. काही कागद अधिकार नव्हता म्हणून थांबलेले असतील, आणि काही आपल्याला काय हवे हे कळले नाही म्हणून. कोणता ढीग मोठा आहे ते पाहून पुढचे काम कोठून सुरू करायचे ते ठरवावे.